जामानिमा : देवास गेटवर शिवलेला महादजींचा झगा

"एवढा जामानिमा करून कुठं निघाली स्वारी?" हे वाक्य आपल्या घरांत अजून ऐकू येतं. लग्नाला निघालेल्या काकांना, बारशाला पैठणी नेसलेल्या आत्याला, थंडीत स्वेटर-मफलर-कानटोपी चढवून फिरायला निघालेल्या आजोबांनासुद्धा. अर्थ सगळ्यांना कळतो. पण यातला जामा कुठला आणि निमा कुठला असं विचारलं तर सांगणारा सापडत नाही. यंदा श्रावणात मी एक जामा बेतला, कापला आणि शिवला, म्हणून हे लिहितेय.

जामा हा फारसी शब्द. मूळ अर्थ साधा, कपडा. पायजमा म्हणजे पायांचा कपडा. पण दरबारात जामा म्हटलं की एक ठरावीक वस्त्र डोळ्यासमोर यायचं: वर अंगाला घट्ट, छातीवर एक पदर दुसऱ्यावर येऊन काखेखाली बंदांनी बांधलेला, आणि कमरेपासून खाली घोळदार झगा. निमा म्हणजे त्याचाच आखूड भाऊ. मोगलांकडून हा पोशाख राजपुतांकडे गेला, मराठ्यांकडे आला. आपल्याकडे राज्याच्या मौल्यवान वस्त्रांचं आणि चीजवस्तूंचं कोठार म्हणजे जामदारखाना, आणि जामदार हे आडनाव तिथलंच. कपडा गेला, आडनाव राहिलं.

आता हे शिवायचं कारण. माझी नात न्यू जर्सीत असते, दहा वर्षांची आहे. तिकडे ३१ ऑक्टोबरला हॅलोविन असतो, हे आता आपल्या सगळ्यांना नातवंडांच्या फोटोंमुळे माहीत झालंय. ख्रिस्ती संतांच्या सणाची ही आदली रात्र. आयर्लंड-स्कॉटलंडहून गेलेल्या लोकांनी एकोणिसाव्या शतकात हा सण अमेरिकेत नेला. मुलं सोंगं घेऊन दारोदार जातात आणि खाऊ गोळा करतात. तर फोनवर बाईसाहेबांची फर्माईश आली: "आजी, मला क्वीनचा गाऊन शिवून पाठव. पण खरी क्वीन हवी. कार्टूनवाली नको."

आपल्याकडे गाऊन म्हटलं की सकाळी दूधवाल्यासाठी दार उघडताना वरून ओढणी घ्यायची, तो गाऊन! तिला हवा होता जमिनीवर लोळणारा, गिरकी घेतली की फुलणारा. आणि राणी आपली पाहिजे, कारण वर्गात प्रत्येकानं आपण कोण झालोय ते एका वाक्यात सांगायचं होतं.

माळव्यात राण्यांची काय वाण! गणेशोत्सवात वेशभूषा स्पर्धा असली की निम्म्या मुली अहिल्याबाई होतात. पांढरं लुगडं, डोक्यावरून पदर, हातात पिंड. पण अहिल्याबाईंना गाऊन कुठला द्यायचा? दुसऱ्या आपल्या उज्जैनच्या दृष्टीनं जवळच्या म्हणजे बायजाबाई शिंदे. गोपाळ मंदिर त्यांनी बांधलं, ग्वाल्हेरचा कारभार त्यांनी १८२७ ते १८३३ पाहिला. त्यांचा पोशाखही लुगडंच. न शिवलेलं, कासोटा घातलेलं, नऊवारी.

बायजाबाईंच्या लुगड्याची एक हकीकत मात्र नातीला सांगितल्याशिवाय राहवलं नाही. ग्वाल्हेर सुटल्यावर बाई फत्तेगडला तळ देऊन होत्या. तिथं १८३५ मध्ये फॅनी पार्क्स नावाची इंग्रज बाई त्यांना भेटायला जायची. तिनं पुढं आपलं प्रवासवर्णन छापलं, त्यात हे आहे. बाईंच्या छावणीतल्या बायका घोड्यावर पुरुषांसारख्या दोन्हीकडे पाय टाकून बसत. इंग्रज बायका लांब झगा घालून घोड्यावर एका अंगाला दोन्ही पाय सोडून बसत. फॅनीनं तसं बसून दाखवलं तेव्हा मराठ्यांच्या बायकांना ते भलतंच विचित्र वाटलं. मग त्यांच्या पद्धतीनं फॅनी स्वतः बसली, घोडा पळवला, आणि ही बसण्याची रीत बायकांकडून काढून घेतल्याबद्दल तिनं आपल्याच एलिझाबेथ राणीला शहाणपणाचे दोन शब्द सुनावले. म्हणजे ज्या झग्यासाठी आमची पोरगी हट्ट धरून बसली होती, तो झगा घातलेल्या बाईला आपल्या नऊवारीचा हेवा वाटला होता.

नातीनं सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, "ओके, बट देन हू वोअर द गाऊन?"

प्रश्न बरोबर होता. आपल्याकडे झगा घालत होते ते पुरुष. पेशवे, फडणीस, सरदार, वकील. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९१ मध्ये मुंबईला आला आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत त्यानं पुण्याला सवाई माधवराव, नाना फडणीस आणि महादजी शिंदे यांची चित्रं काढली. त्या दरबारातली तलम पांढरी वस्त्रं पाहा. मोत्यांचे कंठे आहेत, शिरपेच आहेत, आणि अंगात ते पांढरं, पारदर्शक, खाली पसरलेलं मलमलीचं वस्त्र. राज्य चालवणाऱ्यांचा तो पोशाख होता आणि त्याला कुणी बायकी म्हणत नव्हतं.

मग ठरलं. महादजी.

उज्जैनकरांनी महादजींना निवडायला कारण लागत नाही. राणोजी शिंद्यांनी इथं बस्तान बसवलं, त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा यांनी महाकालाच्या देवळाचा जीर्णोद्धार केला, आणि दौलतरावांनी १८१० मध्ये ग्वाल्हेरला लष्कर वसवेपर्यंत शिंद्यांची राजधानी हीच होती. आपल्यातली कितीतरी घरं त्या चाकरीच्या निमित्तानंच नर्मदेच्या अलीकडे आली. देवास गेटला आज लोक बस पकडायला येतात, स्टेशनवर उतरून रिक्षा शोधतात. माधव कॉलेजमुळे शिंद्यांचं नाव रोज कानावर पडतं, पण थांबून कोण ऐकतो?

आणि महादजींच्या आयुष्यातला मोठा प्रसंग हा चक्क कपड्यांचाच प्रसंग आहे. १७९२ च्या जूनमध्ये ते दिल्लीच्या बादशहाकडून पेशव्यांसाठी वकील-ए-मुतलक ही पदवी आणि खिलत घेऊन पुण्याला आले. खिलत म्हणजे मानाचा पोशाख. ग्रँट डफनं हा समारंभ तपशिलानं लिहिलाय. मोठे तंबू उभारले होते, एका टोकाला बादशहाचं सिंहासन म्हणून आसन मांडलं होतं. सवाई माधवरावांनी त्या रिकाम्या आसनाला तीनदा मुजरा केला, १०१ मोहरा नजर ठेवल्या. फर्मानं वाचली गेली. मग नऊ वस्त्रं, पाच रत्नजडित अलंकार, ढाल-तलवार, कलमदान, शिक्के, मोर्चेलं असं सगळं अर्पण झालं. पेशवे शेजारच्या तंबूत गेले आणि ती वस्त्रं अंगावर घालून परत आले. अठरा वर्षांचा मुलगा आत गेला आणि वकील-ए-मुतलक होऊन बाहेर आला. मधे काय घडलं? कपडे बदलले. दिल्लीच्या बादशहाच्या हातात तेव्हा फार काही उरलं नव्हतं, उत्तरेची सूत्रं महादजींकडेच होती. तरी तो कपडा लागला.

एवढं झाल्यावर कापड बघायला निघाले. बाजारात ऐतिहासिक पोशाख मागितला की तुम्हाला चकचकीत मखमल दाखवतात. लाल किंवा जांभळी, त्यावर चिकटवलेली सोनेरी लेस, मागं चेन. हा पोशाख नाटक-सिनेमाचा. रंगमंचावर दुरून उठून दिसावा म्हणून तो तसा झाला आणि पुढं तोच इतिहास होऊन बसला. शाळेच्या स्नेहसंमेलनात शिवाजी महाराज, पेशवे, अकबर, राणा प्रताप सगळे एकाच शेरवानीत उभे असतात, फक्त मिशी बदलते. मला हे बघवत नाही, म्हणून मलमल घेतली. साधी, पांढरी, सुती, छत्तीस इंची पन्ह्याची. त्याआधी सगळा बेत मांजरपाटावर कापून पाहिला. उज्जैनच्या मिल चालू होत्या, विनोद मिल, हिरा मिल, नजरअली मिल, तेव्हा मांजरपाटाला घरात तोटा नसे. आता तेही विकत आणावं लागतं.

शिवणकाम करणाऱ्या मैत्रिणींसाठी बेत सविस्तर देते, बाकीच्यांनी हा भाग गाळला तरी चालेल. (गाळू नका.)

नातीची छाती सव्वीस इंच, कमरेपासून घोळाची लांबी सव्वीस. घोळ कळ्यांचा करायचा. गोल कापायचा नाही, कारण गोलात कापड वाया जातं आणि जुना शिंपी चिंधी वाया घालवत नसे. वीस कळ्या घ्यायच्या. प्रत्येक कळी वर चार इंच, खाली बारा. शिवणीला दोन्हीकडे अर्धा-अर्धा इंच धरला की पाच आणि तेरा. आता गंमत बघा. अठरा इंच रुंद चौकोन घ्या. वरच्या कडेवर डावीकडून पाच इंचांवर खूण करा, खालच्या कडेवर उजवीकडून पाच इंचांवर. दोन खुणा तिरक्या रेघेनं जोडून कापा. एका चौकोनात दोन कळ्या निघतात, एक सुलटी, एक उलटी, आणि एक धागाही फुकट जात नाही. असे दहा चौकोन म्हणजे १८० इंच, बरोबर पाच वार. पन्हा छत्तीसचा आणि कळीची लांबी दुमडीसकट अठ्ठावीस, म्हणून बाजूला आठ इंचांची पाच वार लांब पट्टी उरते. त्यातूनच बंद, गोट आणि काखेतले चौबगले निघतात. अंग आणि बाह्यांना दोन वार वेगळे. एकूण सात वार, दुकानदाराच्या मीटरनं साडेसहा.

कळ्या जोडताना एकीची सरळ कड दुसरीच्या तिरक्या कडेला लावायची. तिरकीला तिरकी लावली तर घोळ लोंबतो. सगळ्या जोडल्यावर वरचा काठ ऐंशी इंच होतो, तो छत्तीस इंचांत चुणून कमरेला बसवायचा. खालचा घेर २४० इंच. दहा वर्षांच्या मुलीसाठी एवढा, तर खऱ्या सरदाराचा केवढा असेल! कळ्यांच्या एकोणीस शिवणी, प्रत्येकी सव्वीस इंच, म्हणजे जवळजवळ पावणेचौदा वार टीप. मी मशीनवर मारली. त्या काळी हे सगळं हातानं, धावदोरा आणि उलटी टीप, दिव्याच्या उजेडात. शिंप्याची बोटं आणि डोळे यांचा विचार आपल्याकडच्या इतिहासात कुठं येतो? नामदेवांच्या निमित्तानं शिंपी आपल्याला देव्हाऱ्यापर्यंत माहीत आहे, दुकानातला नाही.

सगळ्यात हुशारीची जागा काखेत असते. चौबगला म्हणजे काखेखाली तिरका बसवलेला छोटा चौकोनी तुकडा. तो नसेल तर हात वर करताच सगळा अंगरखा वर ओढला जातो. तो असेल तर घट्ट अंगातही हात मोकळा फिरतो. तलवार चालवणाऱ्याला दुसरं काय हवं? आजच्या तयार कुडत्यांत बहुतेक ठिकाणी हा तुकडा गेलाय, आणि म्हणूनच आरतीला टाळ वाजवताना मंडळींच्या कुडत्यांच्या काखा उसवतात.

बाह्या हातापेक्षा मुद्दाम आठ-दहा इंच लांब ठेवल्या, मनगटाशी अरुंद. त्या वर सरकवल्या की चुड्यांसारख्या चुण्या पडतात. चुडीदार विजारीत पायाला जे होतं तेच.

काज-बटणांचा प्रश्न नव्हता, पण बंद बसवताना मी गल्लीतल्या मास्टरांकडे गेले. वय झालंय, आता फक्त दुरुस्तीची कामं घेतात. त्यांनी जामा उलटसुलट करून पाहिला, चौबगल्यावर बोट फिरवलं आणि एकच विचारलं, "बंद किस तरफ लगाओगी, भाभी? हिंदू का है कि मुसलमान का?"

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. कारण हे मी पुस्तकात वाचलं होतं, आणि त्यांनी ते त्यांच्या उस्तादाकडून ऐकलं होतं. जामा एकच, बेत एकच, कापड एकच. हिंदूनं बंद डावीकडे बांधायचे, मुसलमानानं उजवीकडे, हा रिवाज होता. दुरून माणूस ओळखायची खूण म्हणजे काखेखालची ती गाठ. आईन-ए-अकबरीत अबुल फजल 'तकौचिया' नावाच्या कपड्याबद्दल लिहितो, की हा बिनअस्तराचा हिंदुस्थानी घाटाचा अंगरखा पूर्वी घोळाला चिरा असलेला आणि डावीकडे बांधायचा होता. बादशहानं तो गोल घोळाचा आणि उजवीकडे बांधायचा करवला. म्हणजे ज्याला आपण मोगलांकडून आला म्हणतो, त्या कपड्यात इथल्याच घाटाचा कपडा शिरलेला होता. त्यांनी तो घेतला, गाठ फिरवली. मराठ्यांनी परत घेतला, गाठ परत डावीकडे. कुणाचा म्हणायचा?

"बाईं तरफ," मी म्हटलं. "महादजी महाराज का है." मास्टरांनी डावीकडे चार बंद लावले, आत उजवीकडे आतला पदर धरायला एक लपता बंद दिला. पैसे घेतले नाहीत. "बच्ची का फोटो दिखाना," एवढंच म्हणाले.

पगडीचं फार लांबवत नाही. शिंदेशाही पगडी बांधणं हे वेगळंच शास्त्र आहे. मी जुन्या टोपीवर चंदेरीची पट्टी पीळ देऊन टाके घालून बसवली. पगडी ही डोक्यावर रोज गुंडाळायची नसून आधीच बांधून तयार ठेवलेली असते, हे अनेकांना ठाऊक नसतं. ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज लेखक मात्र हे बरोबर टिपून गेलाय. १९१२-१३ च्या हिवाळ्यात तो आपल्या शेजारी देवासला, थोरल्या पातीच्या महाराजांकडे पहिल्यांदा आला. एका लग्नाच्या मेजवानीसाठी तिथल्या लोकांनी त्याला आपला पोशाख चढवला. मलमलीची विजार, कुणाचा तरी सदरा, वर तिरंगी बंडी, त्यावर मद्याच्या रंगाचा जरीकाठी रेशमी अंगरखा, आणि डोक्यावर तिरकी लाल-सोनेरी मराठी पगडी. अंगरखा कुणाचा होता ते त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. घरच्या पत्रात त्यानं हे सगळं लहान मुलाच्या आनंदानं लिहिलं, पुढं ती पत्रं १९५३ मध्ये पुस्तकात आली. पुढं १९२१ मध्ये त्यानं त्याच महाराजांकडे खासगी सचिव म्हणून काम केलं. आपल्या देवास गेटवरून निघालेला रस्ता ज्या गावाला जातो, तिथं एक गोरा मराठी सोंग घेऊन बसला होता. आता आपली मुलगी त्याच्या बाजूच्या मुलखात तेच करणार.

नातेवाइकांत यावर कुजबुज झालीच. आपला ऐतिहासिक पोशाख भुताखेतांच्या सणाला कशाला, असं एकीनं विचारलं. दुसरीचं म्हणणं, मुलीला पुरुषाचं सोंग का? दुसरीला उत्तर सोपं होतं. आपली अख्खी संगीत रंगभूमी पुरुषांनी लुगडी नेसून उभी केली. नारायणराव राजहंस बालगंधर्व झाले तेव्हा बायकांनी त्यांच्या साड्यांची नक्कल केली. मग एका पोरीनं एक संध्याकाळ महादजी व्हायला काय हरकत? पहिलीला मी सांगितलं, की शिमग्याला आपल्याकडे सोंगं निघत, उत्सवाच्या शेवटी ललितात भालदार-चोपदारापासून सगळी सोंगं येत, बहुरूपी तर दारोदार फिरूनच पोट भरत. हॅलोविन म्हणजे त्यांचा शिमगा. सोंगानं अपमान होत नाही. सोंग गबाळं असेल तर होतो. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, असं आपण म्हणतो. मी त्यात कळीदार घोळ घालीन, तोही मखमलीवर लेस चिकटवून आणता येत नाही.

तरी एक अडचण खरी होती. गोल फुललेला पांढरा झगा घातलेली मुलगी बघून तिथलं पोर तिला महादजी म्हणणार आहे का? प्रिन्सेस म्हणणार. खाकेत लाकडी तलवार दिली तरी तलवारवाली प्रिन्सेस. एका वाक्यात सांगायचं ते काय? पानिपतावर पाय जायबंदी झाला, राणेखान भिस्त्यानं वाचवलं, ही गोष्ट दहा वर्षांच्या मुलीला मोठी होते.

मग ग्रँट डफमधलीच दुसरी गोष्ट कामी आली. १७९२ च्या त्याच भेटीत, उत्तर हिंदुस्थान मुठीत असलेला हा माणूस पेशव्यांच्या दरबारात हत्तीवरून लांबच उतरला, पायी आला आणि सगळ्या मानकऱ्यांच्या खाली उभा राहिला. बसा म्हटलं तर बसेना. काखेतून एक गाठोडं काढलं, सोडलं, आतून नवा जोडा काढून पेशव्यांच्या पायाशी ठेवला आणि जुना उचलून पुन्हा गाठोड्यात घेतला. माझ्या बापाचं काम हेच होतं, माझंही हेच, असं म्हणाला. मला पाटील म्हणा, म्हणाला. यात नम्रता किती आणि मुरलेलं राजकारण किती, यावर इतिहासकार बोलत आले आहेत. नाना फडणीस समोर बसले होते, त्यांना दोन्ही दिसलं असणार.

नातीला ही गोष्ट एकदम पटली. भैरवगढच्या छापाचा एक रुमाल घरात होता, त्यात तिच्यासाठी कोल्हापुरी जोड बांधून दिला. वाक्य तिचं तिनंच केलं: "आय ॲम अ जनरल हू कॅरीज शूज, आस्क मी व्हाय." विचारणाऱ्याला पुढची गोष्ट.

पार्सल ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात गेलं. तिकडे तेव्हा थंडी पडते, मलमलीत कुडकुडेल म्हणून सुनेला आत थर्मल घालायला सांगितलंय. तोच निमा समजायचा. खालची दुमड मुद्दाम दोन इंच ठेवलीय, पुढच्या वर्षी सोडता येईल. सबंध जामा रात्रभर टांगून ठेवून मगच दुमड घातली, कारण तिरक्या कडा आपल्या वजनानं थोड्या उतरतात. ज्या कुणी करणार असतील त्यांनी ही पायरी चुकवू नये.

आणि एक विनंती. आपल्यापैकी कुणाच्या पेटाऱ्यात आजोबा-पणजोबांचा अंगरखा, बाराबंदी किंवा पगडी असेल तर धुवायला टाकू नका, इस्त्री करू नका. जुन्या मलमलीच्या घडीवरच कापड तुटतं, म्हणून घडी बदलून जुन्या सुती धोतरात गुंडाळून ठेवा, डांबरगोळी थेट लावू नका. त्याआधी उलटा करून काखेचा आणि शिवणींचा फोटो काढून मला पाठवा. बंद कुठल्या बाजूला आहेत तेही बघून सांगा.